‘५३ मिनिटे’ छापण्याआधी : विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं, ॲप आणि नकाशे तयार करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

तुमचं काम मी रोज वापरते. लोकांच्या प्रवासाची आखणी करून देणं हा माझा व्यवसाय आहे. कोणी कुठून निघायचं, विमान कुठे बदलायचं, मध्ये किती वेळ सोडायचा, हे दिवसभर चालू असतं आणि तुमची पानं समोर उघडी असतात. दोन नावं टाकली की क्षणात अंतर येतं, वेळ येतो, नकाशावर एक सुबक कमान उमटते. मोठ्या शहरांच्या आकड्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती लहान विमानतळांची. जिथे दिवसाला चार-दोन विमानं उतरतात, कधी आठवड्याला तीनच, अशा दोन प्रादेशिक विमानतळांची नावं कोणी टाकली की तुम्ही जो वेळ छापता, तो वाचणारा माणूस खरा धरून चालतो.

माझा मामेभाऊ असाच धरून चालला.

त्या रात्री साडेनऊला त्याला फोन आला की आईला, म्हणजे माझ्या मामीला, आयसीयूत हलवलंय. तो राहत होता तिथून आईच्या गावाला जाणारी शेवटची बस दहाची होती. रात्रभर चालून सकाळी साडेसहाला पोचवणारी. बॅग भरता भरता त्याने फोनवर दोन्हीकडच्या विमानतळांची नावं टाकली. उत्तर आलं : अंतर ३१२.६४ किमी, उड्डाणाचा वेळ ५३ मिनिटे. त्याने बॅग खाली ठेवली. तिकिटाच्या पानावर त्या मार्गाला काहीच दिसेना, पण त्याला वाटलं, रात्र झाली म्हणून दिसत नसेल, सकाळी काउंटरवर मिळेल. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, पहाटेच निघतो, आठपर्यंत आईजवळ.’ मी झोपले होते. पहाटे साडेपाचला मी ते पाहिलं आणि पोटात धस्स झालं. त्या दोन विमानतळांमध्ये थेट विमान नाही. कधीच नव्हतं.

तोवर बस निघून साडेसात तास झाले होते. गाडी करून निघाला असता तरी पोचायला दुपार झाली असती. विमानाने जायचं तर एका मोठ्या शहरावरून, तेही उलट दिशेच्या. पहिलं विमान ९:४० ला सुटून १०:५० ला तिथे पोचणार, मग ३ तास ४० मिनिटं थांबायचं, मग दुसरं विमान, आणि शेवटी विमानतळापासून गावापर्यंत ४८ किमी रस्ता. तरी तो निघाला, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. मामी ११ वाजून २० मिनिटांनी गेली. मी त्याला फोन केला तेव्हा त्याच्या मागे कुठल्यातरी उड्डाणाची घोषणा चालू होती. ती संपेपर्यंत मी थांबले आणि मग सांगितलं.

दहाची बस त्या दिवशी वेळेवर पोचली होती.

मामीच्या जाण्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. ती आजारी होती. पण सकाळी साडेसहा ते अकरा वीस हे जवळजवळ पाच तास तिच्या मुलाला तिच्या उशाशी बसता आलं असतं. ते त्या ५३ मिनिटांच्या भरवशावर गेले. त्यानंतर तो आकडा येतो कुठून, हे मी मुळापासून समजून घेतलं, आणि जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते आहे.

अंतराचा आकडा येतो बृहद्वृत्तावरून. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या रेषेत बसेल, ती सर्वांत जवळची वाट. अक्षांश-रेखांश दिले की ही लांबी साध्या त्रिकोणमितीने निघते. यात चूक काही नाही. पण त्यापुढच्या दशांश चिन्हाकडे जरा पाहा. बऱ्याच ठिकाणी पृथ्वी पूर्ण गोल धरून तिची त्रिज्या ६३७१ किमी घेतली जाते. खरी पृथ्वी विषुववृत्तापाशी ६३७८ किमी आणि ध्रुवांपाशी ६३५७ किमी आहे. या चपटेपणामुळे उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे ३१२ किमीवर दीड किमीपर्यंत. पृथ्वीचा आकार बारकाईने धरणारी सूत्रं १९७५ पासून हाताशी आहेत, आणि ती वापरली तरी अंतर मोजलं जातं एका विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दुसऱ्याच्या संदर्भबिंदूपर्यंत. धावपट्टीच स्वतः दोन-अडीच किमी लांब असते. मग ‘.६४’ हा आकडा नेमकं काय मोजतो? तो मोजत काही नाही, फक्त वाचणाऱ्याच्या मनात विश्वास बसवतो. ज्यांनी अंतर दहा मीटरपर्यंत मोजलं, त्यांनी वेळही तसाच नीट तपासला असणार, असं माणसाला वाटतं. माझ्या भावाला वाटलंच.

वेळ मात्र कोणी तपासलेला नसतो. तो एका भागाकारातून येतो. अंतराला ताशी ८०० किमीने भागायचं. काहीजण त्यावर चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवतात. ३१२ भागिले ८०० म्हणजे २३ मिनिटं, अधिक ३०, झाली ५३. ज्या दोन बिंदूंना अक्षांश-रेखांश आहेत त्या कोणत्याही जोडीला हा भागाकार लागू पडतो, आणि त्या जोडीमध्ये विमान जातं की नाही याचा त्याला पत्ताही नसतो. तुमच्या पानावर ‘उड्डाणाचा वेळ’ असं लिहिलेलं असतं. ज्या मार्गावर उड्डाणच नाही, तिथे हे शब्द कसे चालतात?

विमान आहे असं धरलं तरी हा भागाकार लहान मार्गांना लागू होत नाही. ताशी ८०० हा मोठ्या जेटचा, उंचावर स्थिर झाल्यानंतरचा वेग आहे. लहान विमानतळांवर बहुतेकदा पंख्याची विमानं येतात. एटीआर ७२ हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं. त्याचा स्थिर उंचीवरचा वेग ताशी ५१० किमीच्या आसपास. क्यू ४०० त्याहून वेगवान, ताशी ६६० च्या घरात. आणि जेट असलं तरी अनेक देशांत दहा हजार फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीपेक्षा जास्त वेग चालत नाही. तीनशे किमीच्या मार्गात चढण आणि उतरण यांचाच वाटा इतका मोठा असतो की पूर्ण वेगाने जाण्याचा पल्ला मध्ये थोडासाच उरतो.

माझ्याकडे एक वही आहे. मामी गेल्यानंतर मी ती घातली. मी स्वतः लहान विमानतळांवरून प्रवास करते तेव्हा त्यात घड्याळ बघून नोंदी करते. एक नोंद तशीच उतरवते. सरळ अंतर २९० किमी, विमान एटीआर. दार बंद झालं ७:०८. विमान हललं ७:१४. चाकं जमिनीवरून सुटली ७:२३. चाकं टेकली ८:०९. विमान थांबलं ८:१५, दार उघडलं ८:१७. प्रत्यक्ष हवेत ४६ मिनिटं. जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंत ६१. वेळापत्रकात छापलेला वेळ १ तास १० मिनिटं. त्याच जोडीला तुमच्यापैकी एकाने २२ मिनिटं दाखवली होती आणि दुसऱ्याने ५२. आता सांगा, यातल्या कोणत्या आकड्यावर विसंबून घरच्यांनी घ्यायला यावं?

विमानकंपन्या ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात तो हा ६१ मिनिटांसारखा वेळ : जागा सोडल्यापासून जागेवर येऊन थांबेपर्यंत. वेळापत्रकात त्यावर थोडी सोय ठेवलेली असते, कारण कधी धावपट्टीपाशी रांग असते, कधी वारा उलटा असतो. हा वेळ कंपन्या वर्षानुवर्षांच्या अनुभवावरून ठरवतात आणि जाहीरही करतात. म्हणजे तुम्हाला नव्याने काही शोधायचं नाही. भागाकार बाजूला ठेवून छापील वेळापत्रक वाचायचं आहे.

लांबच्या उड्डाणात ही ढिलाई खपून जाते, म्हणूनच कदाचित तुमच्या लक्षात आलेली नाही. सात हजार किमीच्या प्रवासात अर्ध्या तासाची चूक झाली तर कोणाला फारसं कळतही नाही. तीनशे किमीच्या प्रवासात तेवढीच चूक झाली की वेळ दीडपट-दुप्पट होतो. जमिनीवरून हळूहळू जाणं, चढणं, रांगेत थांबणं, उतरताना वळसा घालून धावपट्टीच्या रेषेत येणं, हा सगळा वेळ अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. एक टोकाचं उदाहरण बघा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामध्ये जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण चालतं. अंतर २.७ किमी. ८०० ने भागलं तर येतात १२ सेकंद. वेळापत्रकात ते दोन मिनिटांचं आहे, आणि वारा अगदी मनासारखा असताना त्याचा विक्रम झाला तो ५३ सेकंदांचा. म्हणजे विक्रमालाही तुमच्या गणिताच्या चौपटीहून जास्त वेळ लागला. अंतर जितकं लहान, तितकी या भागाकाराची फसगत मोठी, आणि प्रादेशिक विमानतळांचं जग सगळं लहान अंतरांचं आहे.

सरळ रेषेवरूनही विमान कधी जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला असेल तिकडे तोंड करून उडायचं, मग वळायचं. ठरलेल्या हवाई मार्गांवरून जायचं, लष्करी हद्द टाळायची, ढगांचा गडगडाट असेल तर बाजूने जायचं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना विमानाच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडते, तेव्हा ५५० किमीपेक्षा कमी असलेल्या मार्गात बृहद्वृत्ताच्या अंतरावर सरसकट ५० किमी वाढवून धरते. ५५० ते ५५०० किमीला १०० आणि त्यापुढे १२५. ३१२ किमीवर ५० म्हणजे सोळा टक्के. एवढी मोठी संघटना सरळ रेषेवर विसंबत नाही, हे मला तुमच्या लक्षात आणून द्यायचं आहे.

वाऱ्याचंही तसंच. २०२० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून लंडनला एक प्रवासी विमान जोरदार पाठवाऱ्यावर ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, याची जगभर बातमी झाली. लहान विमानांची अशी बातमी होत नाही, पण हळू चालणाऱ्या विमानाला वारा जास्त जाणवतो. ताशी ५१० च्या एटीआरला ताशी ८० चा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ४३० राहतो, पाठीमागून आला तर ५९०. ३२० किमीला एकदा ४५ मिनिटं, एकदा ३३. एकाच मार्गावर, एकाच विमानाला, बारा मिनिटांचा फरक. आणि तुम्ही देता एकच आकडा, मिनिटापर्यंत नेमका, बारा महिने तोच.

आता एककांबद्दल थोडक्यात. सागरी मैल १८५२ मीटरचा, साधा मैल १६०९ चा. तुमच्यापैकी काहींच्या पानांवर नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असतं आणि कुठला ते सांगितलेलं नसतं. यात पंधरा टक्क्यांचा फरक पडतो. हे सुधारायला अर्धा दिवसही लागू नये.

नावांचा घोळ जास्त गंभीर आहे. हैदराबाद भारतात आहे आणि पाकिस्तानातही, दोन्हीकडे विमानतळ आहे, एकाचा संकेत एचवायडी आणि दुसऱ्याचा एचडीडी. सेलम तामिळनाडूत आहे आणि अमेरिकेत ओरेगॉनमध्येही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेली माणसं कॅनडात, नोव्हा स्कॉशियातल्या सिडनीला उतरल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत. लहान गावांच्या विमानतळांत असे नावभाऊ पुष्कळ आहेत. आणि काही धावपट्ट्यांना तीन अक्षरी संकेतच नसतो, त्यामुळे तिथून खरोखर जाणारं लहान विमान तुमच्या पानावर येतच नाही. म्हणजे नसलेलं विमान दिसतं आणि असलेलं दिसत नाही, अशी दोन्हीकडून अडचण.

घड्याळाचंही पाहा. निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे लिहितात. ल्हासाहून काठमांडूला साधारण दीड तासाचं उड्डाण आहे, पण चीनचं घड्याळ नेपाळच्या सव्वादोन तास पुढे आहे. त्यामुळे बारा वाजता निघालेला माणूस काठमांडूच्या घड्याळात सव्वाअकराला पोचतो. दोन वेळांची वजाबाकी करून ‘उड्डाणाचा वेळ’ काढणारी पानं मी पाहिली आहेत, आणि पाऊण किंवा अर्ध्या तासाच्या फरकाची घड्याळं असलेल्या देशांत ती हमखास चुकतात.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, आणि त्यावर तुमचं लक्ष सहसा जात नाही. प्रवासाचा वेळ आणि उड्डाणाचा वेळ या दोन गोष्टी लहान विमानतळांच्या बाबतीत कधी कधी उलट्या दिशांना जातात. नेपाळमधलं लुक्ला हे याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण. एव्हरेस्टच्या वाटेवरचा हा विमानतळ सुमारे २८०० मीटर उंचीवर आहे, धावपट्टी जेमतेम सव्वापाचशे मीटरची आणि उताराची. काठमांडूहून तिथे जायला अर्धा तास लागतो. पण गर्दीच्या हंगामात काठमांडूचा विमानतळ इतका भरलेला असतो की लुक्लाची बरीच विमानं रामेछापच्या विमानतळावरून सोडतात. रामेछापहून लुक्ला फक्त वीस मिनिटं. आकडा पाहिला तर प्रवास छोटा झाला. प्रत्यक्षात काठमांडूहून रामेछापला जायला डोंगरातल्या रस्त्याने चार-पाच तास लागतात, त्यासाठी लोक मध्यरात्री निघतात. उड्डाण दहा मिनिटांनी कमी झालं, प्रवास मात्र चार तासांनी वाढला. ‘वीस मिनिटे’ हा आकडा कोणी खोडून काढू शकणार नाही. पण त्या आकड्यावर विसंबून काठमांडूत उतरलेल्या माणसाचं पुढचं विमान चुकेल.

अशा विमानतळांना वेळेच्याही मर्यादा असतात. कुठे रात्री उतरण्याची सोय नसते, कुठे नियंत्रण कक्ष ठरावीक तासच चालू असतो, कुठे कमी दृश्यतेत उतरायला लागणारी यंत्रणा नसल्यामुळे सकाळच्या धुक्यात विमान फिरून दुसरीकडे जातं. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, वेळापत्रकाचा हंगाम बदलतो, आणि लहान मार्ग त्यातच सुरू होतात किंवा गळतात. गेल्या हंगामात असलेलं विमान या हंगामात असेलच असं नाही. तुमचा आकडा मात्र तसाच राहतो, कारण गावं जागची हलत नाहीत.

सरळ रेषेचं अंतर कुचकामी आहे, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी तेच हवं. युरोपात उड्डाण रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर भरपाई ठरते ती २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे, आणि तिथे अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं स्पष्ट लिहिलं आहे. १५०० आणि ३५०० किमी अशा पायऱ्या आहेत. पुढे २०१७ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की मध्ये विमान बदललं असलं तरी अंतर पहिल्या आणि शेवटच्या ठिकाणामधलं सरळच धरायचं, वळशाचं नाही. तिथे हा आकडा न्यायाचा आहे, कारण सगळ्यांना सारखा लागू होतो आणि कंपनीला तो फिरवता येत नाही. भूगोल शिकणाऱ्या मुलांना, नकाशावर कमान का दिसते हे समजून घेणाऱ्यांनाही तो हवा. म्हणून अंतर जरूर द्या. त्याला ‘सरळ रेषेतलं अंतर’ म्हणा, पूर्ण किलोमीटरमध्ये द्या, दशांश काढून टाका. आणि त्या अंतरातून आपोआप वेळ काढणं थांबवा.

तुम्ही म्हणाल, पानाच्या तळाशी आम्ही ‘वेळ अंदाजे’ असं लिहितो. हो, लिहिता. राखाडी अक्षरात, आकड्याच्या एक चतुर्थांश आकारात, फोनवर पान तीनदा खाली सरकवल्यावर दिसेल असं. माझ्या भावाच्या स्क्रीनशॉटमध्ये ते आलेलंच नव्हतं. आणि ‘अंदाजे’ या शब्दाचा अर्थ माणूस काय घेतो? ५३ च्या जागी साठ, फार तर सत्तर. साडेसात तास असा अर्थ कोणीही घेणार नाही. विमानच नाही, हा तर ‘अंदाजे’मध्ये बसूच शकत नाही.

तुम्ही असंही म्हणाल की तिकीट काढताना माणसाला कळतंच. मला हे बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे. पण तिकीट काढण्याच्या आधी माणूस ठरवतो. बस पकडायची की नाही, नातेवाइकाला काय सांगायचं, मुलाखतीची कुठली वेळ मागायची, शस्त्रक्रियेसाठी कुठल्या गावात जायचं, म्हाताऱ्या वडिलांना एवढा प्रवास झेपेल का. हे निर्णय तुमच्या आकड्यावर होतात. परवाच एका बाईंनी मला फोन केला. मुलीला नोकरी दोन ठिकाणी मिळाली होती, आणि ‘हे गाव विमानाने तासाभरावर आहे’ म्हणून त्यांनी त्यातलं एक निवडलं होतं. ते गाव विमानाने तासाभरावर नाही. विमानाने ते अर्ध्या दिवसावर आहे, रेल्वेने सहा तासांवर. मी तसं सांगितलं तेव्हा त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मुलीने होकार कळवून टाकला होता.

मला हवं आहे ते फार नाही. दोन विमानतळांमध्ये थेट विमान नसेल तर वेळ दाखवूच नका. जिथे तो मोठा आकडा येतो, त्याच जागी, त्याच ठळक अक्षरात ‘थेट विमान नाही’ असं लिहा. त्याखाली, विमान बदलून जाता येत असेल तर पहिल्या दारातून शेवटच्या दारापर्यंतचा, मधल्या थांब्यासकटचा सर्वांत कमी वेळ द्या, आणि तो आठवड्याच्या कोणत्या दिवसांना लागू आहे ते सांगा. थेट विमान असेल तर भागाकाराच्या जागी वेळापत्रकातला वेळ घ्या आणि कुठल्या हंगामाचं वेळापत्रक ते लिहा. शक्य असेल तर एकाऐवजी दोन आकडे द्या, ‘६० ते ७५ मिनिटं’ असे. माणसांना ते अधिक उपयोगी पडतात. विमानतळ गावापासून किती लांब आहे तेही सांगा. त्या ४८ किमी रस्त्याबद्दल तुमच्या पानावर एक अक्षर नव्हतं.

हे एका दिवसात होणार नाही, हे मी समजू शकते. हजारो विमानतळ, लाखो जोड्या. पण पहिलं काम सोपं आहे : ज्या जोडीत थेट उड्डाण नाही तिथला आकडा काढून टाकणं. रिकामी जागा दिसली की माणूस दुसरीकडे चौकशी करतो. त्या रात्री माझ्या भावाला रिकामी जागा दिसली असती तर त्याने बॅग उचलली असती.

माझ्या वहीत आत्तापर्यंत सत्तरच्या वर जोड्या झाल्या आहेत. प्रत्येकीपुढे सरळ अंतर, तुमच्यापैकी निरनिराळ्यांनी दाखवलेला वेळ, थेट विमान आहे की नाही, आणि प्रत्यक्ष प्रवासाला लागणारा वेळ. जिथे मी स्वतः गेले तिथे घड्याळाच्या नोंदी आहेत, बाकी वेळापत्रकावरून घेतलं आहे आणि तसं लिहिलं आहे. तुमच्यापैकी कोणालाही ती हवी असेल तर मी पानांचे फोटो काढून पाठवते. मोबदला नको. सुरुवात पाहिजे तर पान तीनपासून करा. ३१२ किमीची ती जोडी तिथे आहे.

आपली,
लोकांच्या प्रवासाची आखणी करणारी एक